आबांचे दोन खिसे

तुम्ही आबांना पाहिलं असतंत, तर वाटलं असतं, माणसाची किल्ली हरवलीय. ॲप्रनच्या उजव्या खिशावर थाप, डाव्या खिशावर थाप, परत उजव्या. पण ते मोजत असायचे. सांगलीतल्या आमच्या इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या रक्तपेढीत प्रत्येक पिशवीवर दहा आकडी नंबर असायचा. आबा पहिला आकडा उजव्या खिशात टाकत, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. शेवटी दोन्ही खिशांची बेरीज सांगत.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली, कारण आकडे माझ्या डोळ्यांपुढं जागा बदलतात. अशा माणसाच्या हाती रक्ताच्या पिशव्या. प्रत्येक नंबर मी तीन-तीनदा वाचायचो. आबांनी ते ओळखलं, पण वर कुणाला सांगितलं नाही. ते मेढ्याचे, फौजेतून रिटायर झालेले. एवढंच म्हणाले, "डोळं फितूर असत्यात रं. खिसं न्हाईत."

एका सकाळी ३०८१५६२९४७ नंबरची पिशवी आली. आबा खूश झाले.

"बघ गड्या, शून्यापास्नं नवापातुर समदी हजर. कुणी रजेवर न्हाई. आता नवानं भाग."

भाग पूर्ण गेला.

"रांगेत कशीबी हुबी कर, भाग जाणारच. नऊ नुसती हजेरी घेतो. रांग बघाया खिसंच पायजेत."

त्याच दुपारी आबा फ्रीजपाशी कोसळले. पोटातला अल्सर फुटला होता; त्यांना तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनला नेलं. त्यांच्या रक्ताशी जुळलेल्या पिशवीच्या नंबराची चिठ्ठी माझ्या हातात आली. फ्रीज उघडला, तर समोर सकाळचीच पिशवी. नंबर तोच दिसला. बरं वाटलं. ट्रे घेऊन जिन्याकडं धावलो.

वर सिस्टर पडताळणार होत्याच. पण चुकलं, तर पुन्हा तीन मजले खाली-वर, आणि आबांकडं तेवढा वेळ नव्हता. थांबायचीही भीती वाटत होती. तरी पायरीवर ट्रे ठेवला.

पिशवी: उजवीकडं बावीस, डावीकडं तेवीस. चिठ्ठी: उजवीकडं पंचवीस, डावीकडं वीस.

हजेरी तीच, रांग वेगळी. चिठ्ठीवर शेवटी ७४ होते, पिशवीवर ४७.

परत पळालो. खरी पिशवी मागच्या कप्प्यात होती. जिना चढता चढता तिचेही खिसे मोजले. पंचवीस, वीस.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी आबा पांढरेफटक पडले होते. ओठ हलले. "रांग?"

"बघितली, आबा."

"हिचीबी?"

"हिचीबी."

सिस्टर नंबर मोठ्यानं वाचू लागल्या, तशी चादरीवर आबांची बोटं हलली. उजवं, डावं, उजवं. शेवटचा आकडा झाला, तेव्हा थांबली.

"बरुबर," ते म्हणाले, आणि त्यांना आत नेलं.

आबा वाचले. मेढ्याला लेकाकडं गेले, ते पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांचा ॲप्रन मी खुंटीवरून कुणाला काढू देत नाही. पिशवी हातात आली की त्याच्याच खिशांवर थाप मारतो. नंबर दहा आकडी, त्यामुळं दोन्हीकडचं कापड सारखंच विरलंय.