‘आंग पेटते’ हे ऐकून घेणाऱ्या प्रमिलाताई

डॉ. प्रमिलाताईंच्या मोहाडीच्या दवाखान्यात मी परिचारिकेच्या कामासाठी गेले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “बाई बोलायला लाजली, तर काय कराल?” मी म्हटलं, “धीर देईन.” “त्याआधी दार लावा,” त्या म्हणाल्या. या तुसडेपणाची मला पुढे सवय झाली. आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत, आणि दार लावण्याचं काम अजून माझ्याकडेच आहे.

कर्करोगातून उठलेल्या कितीतरी बायांची पाळी उपचारांमुळे अवेळी जाते. अंगाची लाही, घाम, उडालेली झोप. वर ‘जीव वाचला ना, मग कुरकुर कसली?’ असं घरचे सुनावतात. या वाक्याची ताईंना मनस्वी चीड आहे.

एकदा ऐन धानाच्या रोवणीत करडी गावचा एक शेतकरी बायकोला घेऊन तावातावाने आला. स्तनाच्या कर्करोगानंतरची तिची रोजची गोळी चालू होती. “माह्या वहिनीले हार्मोनच्या गोळीनं फरक पडला. हिलेबी तेच द्या, नाही तं आमी दुसरीकडे जातो.”

“जा,” ताई म्हणाल्या. “पन हिच्या दुखन्याले हार्मोन म्हंजे खतपाणी आहे. मी देनार नाही.”

त्याने टेबलावर हात आपटला. ताईंनी त्याला बाहेर बसवलं.

मी दार लावलं. तशी ती एकदम फुटली. “मॅडम, आंग पेटते. पोरीचे बाबा जवळ आले का दुखते, मनून मी ओसरीत निजतो. त्याइले वाटते, मले त्याइचा कंटाळा आला. म्या कॅन्सरची गोळीच बंद करून टाकली.”

 ताई रागावल्या नाहीत. कोरडेपणासाठी बिनहार्मोनचं जेल, सुती कपडे, चहा कमी, असं सगळं त्यांनी तिला समजावलं. तिच्या कर्करोगाच्या डॉक्टरांना तिच्यासमोरच फोन लावून झळांसाठी दुसरं औषध आणि बंद केलेल्या गोळीचं पुढे काय, हे ठरवलं. मग तिला विचारून नवऱ्याला आत घेतलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“मले वाटलं, दुखनं परत आलं अन् ही लपवून राहिली,” तो म्हणाला, आणि आमच्यासमोर रडला.

गोळी पुन्हा सुरू झाली. झळा थांबल्या नाहीत, पण सोसण्याजोग्या झाल्या.

परवा ती तपासणीला आली, तेव्हा मी तिला ताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाबद्दल सांगितलं. ताईंना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, ही आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना आहेच; पण बाहेर बाकावर बसलेल्या बायांकडे पाहत ती जे बोलली, त्यापुढे मला काही लिहिता येत नाही. “मॅडमले म्हना, शंभर वर्सं जगा. नाही तं आमी हे कोनाले सांगनार?”