घर रिकामं असण्याची वेळ

परदेशात, आपल्याकडच्या दुकानांनी भरलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून जवळच एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. खाली घरमालकीण काकू. तरुणपणी साताऱ्याहून डॉक्टर म्हणून आलेल्या, आता निवृत्त आणि एकट्या. आमच्या भिंतीवर जुना थर्मोस्टॅट होता, एक गोल चकती. ती फिरवली की तळघरातली आमच्या वाटणीची भट्टी घुरघुरायची आणि जमिनीतल्या जाळीतून गरम हवा वर यायची. नवरा झोपण्याआधी चकती खाली फिरवायचा, मी हळूच उठून वर फिरवायची. गॅसचं बिल आलं की तो काही न बोलता ते फ्रिजवर चिकटवायचा. न बोलता माणूस किती बोलू शकतो, हे मला लग्नानंतर कळलं. पण थंडी मला वाजत होती, बिलाला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याने जाहीर केलं, की आता वेळा लावता येणारा थर्मोस्टॅट आणायचा. फोनवरून घर गरम करायची सोय तेव्हा नव्हती. थर्मोस्टॅट शहाणा म्हणजे एवढंच, की उठायची, बाहेर पडायची, घरी यायची आणि झोपायची वेळ त्याला एकदा सांगून ठेवायची, मग तो आपला आपण उष्णता कमीजास्त करणार. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “बसवायचा तर बसवा. पण जुना फेकू नका हं, आमच्या यजमानांनी लावलेला आहे.”

शनिवारी दुकानात गेलो. एकात सातही दिवसांच्या वेगवेगळ्या वेळा लावता येत होत्या, तो आमच्या आवाक्याबाहेर. दुसऱ्यात कामाचे पाच दिवस आणि सुट्टीचे दोन, एवढंच. तिसरा अगदी साधा, चकतीऐवजी बटणं. नवरा पत्रिका जुळवाव्यात तसा तिन्ही खोक्यांच्या पाठी वाचत उभा राहिला. शेवटी दुकानातले एक आजोबा मदतीला आले.

“सकाळी घर रिकामं कधी होतं तुमचं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“होत नाही,” नवरा म्हणाला. “बायको घरी असते.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“मग हा महागातला कशाला घेता? घर रिकामं असतं तेव्हाच यात गॅस वाचतो. तुम्हाला साधा पुरेल.”

माणूस प्रामाणिक होता, आमचा खिसाच सांभाळत होता. पण मला ते झोंबलं. जगात एक यंत्र असं निघालं होतं, की मी घरी असल्यामुळे ते वाया जाणार होतं.

सांगलीला मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्रॅक्टिकलं उरकून, हाताला अमोनियाचा वास घेऊन संध्याकाळी घरी यायची. कोपऱ्यावर माझ्या गाडीचा आवाज आला की आई आधण ठेवायची, आणि मी चपला काढायच्या आत आतून हाक यायची, “आलीस? चहा ठेवलाय.” हा काही प्रश्न नसतो. समोर दिसणाऱ्या माणसालाही आपल्याकडे ‘आलीस’ म्हणतात. तेव्हा मला त्याचा वैताग यायचा. “नाही, अजून रस्त्यातच आहे!” असं मी ओरडायची आणि आई हसायची.

इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला. राहायची परवानगी, काम करायची नाही. रोज संध्याकाळी मी त्याला ‘आलास?’ म्हणायची. मला ते म्हणायला कोणी नव्हतं, कारण मी कुठे गेलेलीच नसायची. नोकरी हवी होती, स्वतःचा पगार हवा होता, ते खरंच. पण त्याहून जास्त मला कुठूनतरी घरी यायचं होतं.

“हाच घ्यायचा,” मी पाच-अधिक-दोनवाल्या खोक्यावर बोट ठेवलं.

“अगं, पण तू घरीच असतेस ना यार. उगाच कशाला?”

“हाच.”

माझा सूर ऐकून त्याने मुकाट्याने खोकं उचललं.

रविवारची अख्खी दुपार खर्चून त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला. काढलेल्या तारांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या, तरी दोनदा उलट्या जोडल्या. शेवटी पडदा उजळला तेव्हा तो गमतीने म्हणाला, “बोला मॅडम, घर रिकामं कधी?”

“दहा ते तीन,” मी म्हटलं.

तो वळून बघायला लागला. “कुठे जाणार आहेस?”

“बघते.”

सोमवारपासून मी दहाला बाहेर पडायला लागले. उंबऱ्यावर ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं, हे अंगात भिनलेलं, आणि म्हणायला घरात कोणी नाही. म्हणून मी थर्मोस्टॅटलाच “येते हं” म्हणायची. मग बर्फ तुडवत लायब्ररी. तिथे रसायनशास्त्राची पुस्तकं काढून बसायची, वहीत समीकरणं सोडवायची, कोणी तपासणार नसलं तरी.

पहिल्या दिवशी तीननंतर जिना चढून आले. घर सांगितल्याबरहुकूम गरम झालेलं. जाळीतून येणारी ऊब ओल्या मोज्यांना लागली आणि क्षणभर फार बरं वाटलं. मग कोट अंगात तसाच ठेवून मी पॅसेजमध्ये उभी राहिले. घरात कुठे आवाज नाही. यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. “आलीस?” मी स्वतःलाच मोठ्याने म्हणून पाहिलं, आणि इतकं वाईट वाटलं की जाळीपाशी बसून ढसाढसा रडले. आई त्या वेळी सांगलीत गाढ झोपलेली असणार.

गॅस वाचला. नवरा खूष, मित्रांना फोन करकरून मॉडेल सांगायला लागला. माझा पारा चढत होता ते त्याला कळत नव्हतं. एका संध्याकाळी तो बूट काढत होता, मी नेहमीसारखं “आलास?” म्हटलं, आणि तो नेहमीसारखा काहीच बोलला नाही.

“रोज कोणीतरी विचारतं त्याची किंमत आहे का तुला?” मी एकदम भडकले. “मला कोण विचारतं? हे भिंतीवरचं डबडं?” मग आईचं, चहाचं, लायब्ररीचं, सगळं बाहेर पडलं.

एक बूट हातात धरून तो उभा राहिला. “पण मी काय करू?” तो म्हणाला. “तूच आधी घरी असतेस.”

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी पोळ्या लाटायला आत गेले.

असे आणखी काही हिवाळे गेले. मग ग्रीन कार्डाचा अर्ज एकदाचा पुढे सरकला आणि त्याच्याबरोबर माझा कामाचा परवाना आला. जवळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून मला घेतलं. शिकवायचं नव्हतं, पण काचेची भांडी होती, अमोनिया होता.

इतकी वर्षं मी तो पहिला दिवस मनात पाहिला होता. त्यात कायम बर्फ पडत असायचा आणि मी गारठून ऊबदार घरात शिरायची. प्रत्यक्षात निघाला ऑगस्ट. उकाड्याने जीव नकोसा झालेला, थर्मोस्टॅट केव्हाचा बंद. घामाघूम होऊन बसमधून उतरले. काकू अंगणात टोमॅटोंना पाणी घालत होत्या. मला बघून नुसत्याच हसल्या.

जिना चढताना पर्समध्ये किल्ली चाचपत होते. पण वर दार उघडं होतं, आणि आल्याचा वास थेट जिन्यात आला होता. पाच जणांच्या चहाला पुरेल एवढं आलं. पायरीवर माझं पाऊल वाजल्याबरोबर आतून, अर्धी सुट्टी टाकून आलेल्या माणसाचा आवाज आला.

“आलीस? चहा ठेवलाय.”

“नाही,” मी जिन्यातूनच ओरडले, “अजून रस्त्यातच आहे!” पण शेवटपर्यंत आवाज काही टिकला नाही.