कोरडा कळा

मी वाघाला विडी पेटवून दिली होती, गावात कुणालाही विचारा. हे मात्र तसलं नाही.

दुपारचं जेवून पडवीत आडवा झालोय. डोळा लागतोय न लागतोय, तोच पायाशी आमची द्वारका दिसते. जाऊन तीन वर्षं झाली तिला, पण सूप घेऊन तांदूळ निवडतेच आहे.

"केवढे घोरता! वर ऐकू येतं."

"देवाला म्हणावं, कानात बोळे घाल."

ती हसत नाही. पडवीचा एसटी स्टँड झालाय. कोल्हापूरची गाडी उभी आहे. ऑपरेशनला जायची तिची गाडी. तिच्यात ती चढलीच नव्हती.

आदल्या दिवशी तिनं मला देवळात धाडलेलं. "देव बरी करणार असेल, तर पोट कशाला फाडून घेऊ? कौल लावून या." गुरवानं पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलांचे ओले कळे चिकटवले. उजवा पडला तर होकार. पडला डावा. तिचा चेहरा आठवला नि माझं धाडस गेलं. वाटेत तो डावा कळा टाकला, कुंपणावरचा दुसरा तोडला, घरी येऊन तिच्या हातात ठेवला. "उजवा पडला गो!" ती ऑपरेशनला गेली नाही. आठ महिने तळमळली, आणि रोज म्हणायची, "त्याची कृपा आहे."

"तुमचा कळा कोरडा होता," ती आता म्हणते. "देवाच्या अंगावरचा ओला असतो."

"तेव्हाच ओळखलंस?"

"हातात घेतल्याबरोबर."

"मग बाई, गाडीत का नाही बसलीस?"

"वाटलं, थाप नवऱ्याची असली तरी देव मान ठेवील."

"आणि?"

"नाही ठेवला." ती सुपातला खडा माझ्या अंगावर फेकते. "डावा म्हणजे 'मरशील' नव्हतं हो. 'माझ्या भरवशावर बसू नको, गाडी पकड,' एवढंच. कृपा ती होती. तुम्ही ती कुंपणापाशी टाकून आलात."

गाडी रिकामीच निघून जाते. आता गाभारा आहे, आणि पाषाणाच्या जागी मी. हलता येत नाही.

"माफ केलंस का गो? एवढंच सांग."

"मी कशाला सांगू? तुमच्याच रीतीनं विचारू." बोटं पाण्यात बुडवून ती माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळा चिकटवते. गार लागतं. "उजवा पडला तर माफ."

मी श्वाससुद्धा घेत नाही.

"मामंजी, चहा!"

सून उभी आहे. उजव्या खांद्यावर कळा घट्ट चिकटलेला. डावा मांडीवर पडलाय, ओलाचिंब.

"हे काय हो?"

"तुझ्या सासूनं कौल लावला. डावा पडला."

ती खळखळून हसते. "तुम्ही आणि तुमच्या थापा!"