छापल्यानंतरची भेट

पत्रकारिता शिकवायला येण्याआधी बाईंनी अर्धं आयुष्य बातम्यांमागे चपला झिजवल्या होत्या. त्यांची एक खोड होती. बातमी छापून आली की अंक काखोटीला मारून त्या थेट ती ज्याच्याबद्दल असेल त्या माणसाच्या दारात जायच्या आणि त्याला ती वाचून दाखवायच्या. संध्याकाळी नवरा विचारायचा, "आज काय मिळालं, चहा की शिव्या?"

विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आखायला घेतला, तेव्हा बाईंनी ही खोडच विषय म्हणून घातली. छापल्यानंतरची भेट, आणि तीही सक्तीची. "नाहीतर आपण उंटावरून शेळ्या हाकणारे वार्ताहर तयार करू," असं त्यांनी बैठकीत ठणकावलं. सिद्धांत शिकवणारे सर म्हणाले, "बाई, शिव्या खाण्याला मार्क किती द्यायचे?" सगळी बैठक खिदळली. मंजुरीची मुदत संपत आली होती, बाकीचे विषय अडून बसले होते. शेवटी बाईंनी नमतं घेतलं आणि विषय ऐच्छिक झाला. आता मार्क बसल्या जागी मिळत असताना दारोदार कोण फिरणार? एकानेही तो घेतला नाही, आणि कामाच्या रगाड्यात बाईही गप्प बसल्या.

पुढे विभागाच्या साप्ताहिकात एका हुशार विद्यार्थिनीची बातमी आली. पाळणाघरात मुलांना कोंडून ठेवतात म्हणे. सगळी माहिती फोनवर जमवलेली. त्या गल्लीत पाळणाघरं दोन, आणि हिने नाव छापलं ते भलत्याचंच. मथळा बाईंनीच चटकदार करून दिला होता, वर तिची पाठही थोपटली होती. बऱ्याच दिवसांनी मूळ तक्रार करणाऱ्या आईनेच फोन करून चूक सांगितली.

बाई अंक घेऊन तडक नाव छापलेल्या त्या पाळणाघरात गेल्या. पाळणाघरवाली एकटीच दुपट्यांच्या घड्या घालत बसली होती. बाईंनी तिला बातमी वाचून दाखवली.

"असं आहे होय!" ती म्हणाली. "एकेक मूल काढून नेलं हो सगळ्यांनी. का, ते कुणी सांगेचना."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो."

"छापा की. पण छापलं त्याच दिवशी कुणी येऊन असं वाचून दाखवलं असतं, तर मी एकेका आईला हाताला धरून शेजारचं पाळणाघर दाखवलं असतं. तुमच्याकडे हे शिकवत नाहीत का?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बैठकीत आणखी थोडं भांडायला काय झालं होतं आपल्याला? शिकवतो, पण ऐच्छिक आहे, हे त्या रिकाम्या खोलीत काही केल्या त्यांच्या तोंडून निघेना.