हळदीला आवाज तेवढा हवा

"म्हंजे माजा आवाज पायजे, मी नको. आसाच ना गो बाय?"

धोंडुबाईनं दाभण गोणीत खुपसून ठेवलं. थोरली जाऊ ठमाबाई मिठागराच्या बांधावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला चार हात लांब उभी. हातात मोबाईल.

"तसा नाय. परवा माज्या प्रनितची हलद. धवलं यान भरून दे, डीजेवाला मोठ्यानं लावंल. गावाचा डोका फिरलाय, मी काय करू?"

जित्यापासून कासूपर्यंतच्या गावांतल्या आगरी लग्नांत तीस वर्षं धोंडुबाईच धवलारीण. तोंडानं धवला, म्हणजे लग्नविधीचं गाणं, म्हणायचा आणि हातानं हळद लावायची. ठमाबाईच्या दोन्ही पोरींना तिनंच लावली.

गेल्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. नुसत्या केमोला ती दाद देईना, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला एका चाचणीत घेतलं. शिरेतून केमो, आणि जोडीला गाठीत सुईनं विषाणू. तापात ओठावर फोड आणतो त्याच्याच जातीचा, पण प्रयोगशाळेत बदललेला. त्यानं गाठीत शिरून तिला आतून फोडायचं, बाहेरून औषधानं मारायचं. हमी नाही, हे बाईंनी तोंडावर सांगितलं. वर ताकीद दिली, सुईची जागा झाकून ठेवायची आणि काढलेल्या पट्ट्या पिशवीत बांधून परत आणायच्या.

मांजर ओढून नेईल म्हणून धोंडुबाईनं ती पिशवी पडवीच्या खुंटीला टांगली. ठमाबाईनं विचारलं, त्यान काय हाय गो? हिनं सरळ सांगितलं, व्हायरस. चुकली ती एवढंच. करोनात वेशीला बांबू बांधून बसलेलं गाव ते. गाठ निघाली तेव्हा गळ्यात पडून रडलेल्या बाया त्याच दुपारपासून तिच्या हातचं पाणी घेईनात.

"ओठाला काय झाला तुज्या?" धोंडुबाईनं विचारलं.

"काय नाय. ताप व्हता, फोडी उठली."

"माज्या गाठीन सोरलाय ना, त्याचाच भाऊ हाय त्यो. माज्याचे दात डॉक्टरीनीनं काडल्यान, तुज्याचे शाबूत हायेत. मना पट्टी दिलीय झाकाला. तू काय झाकलंस? त्याच तोंडानं काल नातवाचे मुके घेत व्हतीस."

ठमाबाईनं पदर ओठाला लावला. मग मोबाईल तसाच पुढे धरून म्हणाली, "दोनच धवलं बोल. जास्ती नको."

धोंडुबाई बाजूला थुंकली.

"गाठीची किलस येल आसा वाटला व्हता मना. ती आली नाय, तुमची आली. आयक, हलदीचा हात आन धवला येकाच बाईचा आसतं. पायजे आसंल त उद्या घरी ये, माज्या हातचा पानी पी आन बोलव. नाय त डीजेवर काय हाय ता वाजव."

ठमाबाई बांधाबांधानं निघून गेली. डोंबिवलीच्या पाहुण्यांना काय सांगायचं, हे पुटपुटत.

गाठ कशी आहे, हे तिनं विचारलंच नव्हतं; आवळ्याएवढी होती, ती आता सुपारीएवढी झाली होती. धोंडुबाईनं डोक्याचा रुमाल घट्ट केला, दाभणात सुतळी ओवली आणि मिठाच्या गोणीचं अर्धं राहिलेलं तोंड शिवायला घेतलं. टेम्पो यायची वेळ झाली होती.