बाहेरून कुलूप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. आता तोंड उघडलंच आहे तर बोलून टाकते — मध्येच थांबले तर पुन्हा जमायचं नाही.

तिसगावपासून आत एका खेड्यात मी नर्सबाई होते. बहात्तरचा दुष्काळ. पोटुशा बाया दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायच्या आणि कळा सुरू झाल्या की माझ्याकडे माणूस धाडायच्या. आज या वस्तीवर, उद्या त्या. वरून साहेबांचा तगादा — कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस आणा. मी नुसती खेकसत सुटले होते. कळा देणारीला म्हणायचे, गप गं, तू काय जगावेगळी बाळंत होतेस? मी — जिच्या हाताला गुण आहे म्हणून नाव होतं! आणि याहून वाईट सांगू? बाळ पहिल्यांदा रडलं की पूर्वी माझे डोळे भरून यायचे. ते थांबलं. रडलं बाई एकदाचं, सुटले मी — एवढंच वाटायचं.

नगरला माझी बहीण होती. तिथे मुलींच्या एका शाळेत शिवणाच्या बाईंची जागा निघाली होती, तिनं माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. हो की नाही, एवढंच मी कळवायचं. शिवण मला येत होतं, आवडतही होतं. कापड विव्हळत नाही. मग अडलं कुठे? नवरा नोकरीपायी दूर. तुला वाटेल ते कर म्हणाला. सकाळी मी 'जाते' म्हणायचे, संध्याकाळी 'राहते'. गेले तर पळून गेल्यासारखं वाटणार, आणि राहिले तर वेड लागणार. मला फक्त एक दुपार हवी होती, कुणी हाक न मारणारी — शांतपणे ठरवायला. फार होतं का हे मागणं?

म्हणून त्या दिवशी मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, मागच्या दारानं आत आले आणि आडवी झाले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या गावात नर्सबाईच्या दाराला कुलूप दिसलं तर लोक परत जात नसत. बाई कुठल्या तरी वस्तीवर बाळंतपणाला गेल्यात, येतील — असं धरून ओट्यावर बसून राहत. हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. तरी म्हटलं, आज कोण मरायला येतंय!

सरूबाई आली. टेकडीपलीकडच्या वस्तीवरची म्हातारी, बरोबर तिचा लेक. सून पहाटेपासून अडली होती. लेक म्हणत होता, गाडी जुंपतो, पाथर्डीच्या दवाखान्यात नेऊ. म्हातारी म्हणाली, "आरं, गाडीच्या हिसक्यानं मरंल ती. बाई येतील की. त्या न्हाई म्हनत न्हाईत कुनाला."

आणि मी दाराच्या अलीकडे, चटईवर.

का नाही उठले? आधी तर — खरं सांगते — रागच आला. जा ना पाथर्डीला, मेलं दरवेळी मीच का! मग राग ओसरला आणि लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेनं तर पायच बांधले. कुलूप लावलेल्या घरातून बाई बाहेर कशी यायची? गाव काय म्हणेल? तिकडे एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडत असणार, आणि इकडे मी माझं तोंड कसं दाखवू याचा विचार करत पडले होते. ऊन उतरलं तरी ती दोघं बसलेलीच. मी साधं 'येत नाही' म्हणाले असते ना, तर त्यांनी गाडी जुंपली असती. ते मूल वाचलं असतं कदाचित. मी नकारसुद्धा दिला नाही, नुसती वाट पाहायला लावली.

शेवटी बॅग उचलली, मागच्या दारानं निघाले, शाळेमागून वळसा घालून रस्त्यानं आले — लांबून आल्यासारखी. पदरानं तोंड पुसत! तेवढं नाटक बरं सुचलं मला.

सून वाचली. मुलगा होता, मेलेला. सरूबाईनं कुणाला बोल लावला नाही. उलट गावभर सांगत सुटली, बाई आल्या पावली, घरात पाऊलसुद्धा न टाकता आमच्याकडे धावल्या.

नगरला मी नाही म्हणून कळवलं. बाईंनी आपल्यासाठी शहरातली नोकरी सोडली, असं गाव म्हणालं. निवृत्त झाले तेव्हा नारळ-लुगडं देतानाही हेच म्हणाले. मी मान खाली घालून बसले, तर तो त्यांना विनय वाटला. कसली सेवा आणि कसलं काय! सरूबाई त्या ओट्यावर बसलेली पाहिल्यावर शिवणाच्या मशीनपुढे जाऊन बसायची माझी छाती झाली नाही, एवढंच. थकवा नंतरही आला, पुष्कळदा आला. तेव्हा मात्र दार उघडून तोंडावर सांगायचे, आज माझ्यानं होत नाही, पाथर्डीला न्या. लोकांना राग यायचा.

सरूबाई आता नाही. ती होती तोवर तिला सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आणि एक राहिलंच. दुपारी तिच्या लेकाला तहान लागली होती. वस्तीवरून आणलेला पाण्याचा तांब्या तिच्याजवळ होता, पण तिनं त्याला दिला नाही. "ऱ्हाऊ दी, बाई उनाच्या येतील," म्हणाली. त्या वर्षी तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. हे सगळं मी आतून ऐकलं होतं. संध्याकाळी मला रस्त्यावर पाहून ती धडपडत उठली आणि तो तांब्या तिनं माझ्यापुढे धरला. "लई दमून आलात बाई. आदी पानी प्या, मंग निगू."

माझ्या घरात माठ भरलेला होता. मी तिचं पाणी प्याले.