स्पर्धेनंतर येणाऱ्या बाई

गावात मोठी स्पर्धा भरली की लोक अंतिम सामन्याला गर्दी करतात. आमच्या मॅडम तिथं दोन वर्षांनी जायच्या. विद्यापीठात त्यांचं संशोधनच ते होतं : पाहुणे गेल्यावर गावाच्या पदरात काय उरतं? कराडजवळच्या एका गावात राज्यस्तरीय खो-खो स्पर्धा होऊन गेली होती; तिच्यासाठी मैदानावर प्रेक्षकांची पक्की गॅलरी बांधली होती. तिथल्या लोकांनी त्यांचं नाव 'मागनं आलेल्या बाई' ठेवलं. मॅडम हसून म्हणायच्या, "लग्नाला सगळेच येतात. नांदणूक बघायला कुणीतरी नको का?"

मी त्यांची सहायक. रोज साताऱ्याहून एसटीनं गावी जायचं आणि घरोघर प्रश्न विचारून फॉर्म भरायचे. एकदा वैशाखातल्या उन्हाला कंटाळून लांबच्या एका वस्तीचे बारा फॉर्म मी घरीच बसून भरले. मॅडमनी ते चाळले.

"बारा बायका आणि एकीचीही तक्रार नाही? अशी वस्ती असेल तर मी तिथंच राहायला जाते."

मला रडू फुटलं. त्या रागावल्या नाहीत. फॉर्म फाडले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः माझ्याबरोबर आल्या.

तिथं शेंगा फोडत बसलेल्या एका बाईंनी सांगितलं, "आवं बाई, ती गॅलरी आमाला काय करायची? पण खेळाडूंसाठी मैदानाकडंला पोरींचा संडास बांधला न्हवं, तवापासनं माझी पोरगी सांजपतोर खेळती. आदी खेळ अर्ध्यात सोडून घरी पळायची. आता त्यो पाडून दुकानाचं गाळं काढणार हायत म्हणं."

मॅडमच्या अहवालाचं पहिलं प्रकरण ते झालं. गॅलरी मागे गेली. या पाहणीचं काम देणाऱ्या समितीतून फोन आला, "एवढ्या मोठ्या स्पर्धेचा फायदा म्हणून तुम्ही संडास दाखवता?"

"जो दिसला तो दाखवला," त्या म्हणाल्या.

समितीचं पुढचं काम त्यांना मिळालं नाही. त्याची त्या तीन वर्षं आस लावून होत्या. "वाईट वाटतंय गं," एवढंच म्हणाल्या, आणि अहवालाची आठ पानं सोप्या मराठीत लिहून ग्रामसभेत वाचायला गेल्या. ज्यांनी उत्तरं दिली त्यांना निकाल कळायलाच हवा, हा त्यांचा हट्ट. वाचन संपताच वस्तीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. गाळ्यांना दुसरी जागा शोधावी लागली.

गेल्या वर्षी त्या मिरजेच्या दवाखान्यात होत्या. भेटायला गेले तेव्हा मी आनंदानं सांगितलं, "मॅडम, त्या गावच्या मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या!"

"छान. आणि ज्या संघात नाहीत, त्या खेळतात का अजून?"

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून गावी गेले. मैदानावर धूळ उडत होती. धाकट्या-थोरल्या मुली ओरडत, पडत, पुन्हा उठून पळत होत्या. मी तिथूनच फोन लावला. त्यांच्या बहिणीनं उचलला. मॅडम दुपारीच गेल्या होत्या.

मी म्हणाले, "त्यांना सांगायचं होतं... खेळतात."